ऑगस्ट व्होलर

हा लेख रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांच्याविषयी आहे. युरियाच्या संश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेले रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख व्होलर ही वेगळी व्यक्ती होय.

ऑगस्ट व्होलर (जन्म : २२ जून १८१९, सोल्टाउ, मृत्यू : २१ मार्च १९१४, हॅनोव्हर) हे जर्मन रेल्वे अभियंता होते. वारंवार बदलणाऱ्या भारामुळे धातूला येणारा थकवा, म्हणजेच अभियंत्यांच्या नित्य बोलीतील ‘फटीग’, या विषयाचा पहिला पद्धतशीर प्रायोगिक अभ्यास त्यांनी केला. रेल्वेच्या डब्यांचे आस त्यांच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी भाराखाली अचानक का तुटतात, या प्रश्नावर त्यांनी जवळजवळ दोन दशके काम केले. प्रतिबल आणि भाराच्या आवर्तनांची संख्या यांचा संबंध दाखवणारा आलेख आज ‘व्होलर वक्र’ या नावाने ओळखला जातो. पूल, विमाने, यारी, रेल्वेची चाके आणि थंड अवस्थेत वाकवून घडवलेले पोलादी भाग यांच्या आयुष्याचा अंदाज बांधताना त्यांच्या निष्कर्षांचा आधार आजही घेतला जातो.

जन्म व शिक्षण

व्होलर यांचा जन्म तत्कालीन हॅनोव्हर राज्यातील सोल्टाउ या लहान गावी झाला. त्यांचे वडील शिक्षक होते. गणितातील गतीमुळे त्यांना हॅनोव्हर येथील तंत्रविद्यालयात शिक्षण घेता आले. ते शिकत असताना जर्मन प्रदेशांत रेल्वे नुकतीच अवतरत होती. इंजिने बांधणारे, चालवणारे आणि दुरुस्त करणारे प्रशिक्षित लोक फार थोडे होते. त्यामुळे तरुण अभियंत्याला या नव्या क्षेत्रात लवकर जबाबदारी मिळे.

शिक्षण संपल्यावर व्होलर यांनी बर्लिनमधील बोर्सिग यांच्या यंत्रनिर्मिती कारखान्यात काम केले. हा कारखाना पुढे युरोपातील प्रमुख इंजिननिर्मात्यांपैकी एक ठरला. नंतर त्यांनी बेल्जियममध्ये रेल्वे इंजिन चालवण्याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतले आणि परत येऊन हॅनोव्हरच्या रेल्वेत काम केले. धावत्या गाडीत यंत्राच्या भागांवर काय बेतते, हे त्यांनी प्रथम इंजिनावर उभे राहून अनुभवले.

रेल्वेतील सेवा

१८४७ मध्ये व्होलर बर्लिन आणि ब्रेसलाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) यांना जोडणाऱ्या लोअर सायलेसिया-मार्क रेल्वेत रुजू झाले. इंजिने, डबे आणि कार्यशाळा यांची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांचे कार्यस्थान ओडर नदीकाठचे फ्रांकफुर्ट हे शहर होते. १८५२ मध्ये ही रेल्वे प्रशियाच्या सरकारने ताब्यात घेतली. त्याच सुमारास आस तुटण्याच्या वाढत्या घटनांची चौकशी सरकारने सुरू केली आणि ते काम व्होलर यांच्याकडे आले.

पुलांच्या रचनेतही त्यांना रस होता. लोखंडी जाळीच्या तुळयांच्या गणिती सिद्धान्तावर त्यांनी १८५५ मध्ये लेखन प्रसिद्ध केले. त्यांचे नाव मात्र आसांवरील प्रयोगांमुळेच टिकले.

आस तुटण्याचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेल्वेचे आस घडीव लोखंडाचे असत. नवा आस चाचणीत सहज उत्तीर्ण होई, काही वर्षे विनातक्रार चाले आणि मग सपाट मार्गावर, नेहमीच्याच भाराखाली, एके दिवशी तुटे. तुटण्यापूर्वी तो वाकत नसे आणि कोणतीही दृश्य सूचना देत नसे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. इंजिन रुळांवरून घसरले, मागचे डबे त्यावर चढले आणि आग लागली. पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. मृतांत दर्यावर्दी संशोधक ज्यूल द्यूमों द’उर्व्हिल आणि त्यांचे कुटुंबीय होते. या अपघाताने आसांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणला.

तुटलेल्या आसाच्या छेदावर दोन भाग दिसत : कडेला गुळगुळीत पट्टा आणि मध्ये खडबडीत, दाणेदार गाभा. त्या दाणेदार भागावरून अनेक अभियंत्यांनी असा समज करून घेतला की, सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचे तंतू नष्ट होऊन त्याचे स्फटिकीभवन होते. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांनी १८४३ मध्येच या समजाला आक्षेप घेतला होता. आसाच्या जाडीत जेथे एकदम फरक पडतो, त्या तीक्ष्ण कोपऱ्यापासून चीर सुरू होते आणि हळूहळू आत सरकते, असे निरीक्षण त्यांनी मांडले. त्याआधी हार्झ पर्वतातील खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी पाळण्यांच्या साखळ्यांवर वारंवार भार देऊन चाचण्या घेतल्या होत्या. मात्र किती भार किती वेळा सोसला जाईल, या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर कोणाकडेच नव्हते.

प्रयोग

धावत्या गाडीतील मोजमाप

व्होलर यांनी प्रयोगशाळेतील चाचण्यांपूर्वी प्रत्यक्ष भार मोजण्यावर भर दिला. आस किती वाकतो आणि किती पिळला जातो, हे टिपणारी उपकरणे त्यांनी स्वतः तयार केली. ती डब्याच्या आसावर बसवली जात. प्रवासात आस जितका जास्त वाके, तितका लांब ओरखडा जस्ताच्या पत्र्यावर उमटे. या मोजमापांचे अहवाल १८५८ आणि १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. आसावर प्रत्यक्षात येणारे प्रतिबल प्रथमच आकड्यांत उपलब्ध झाले. त्यावरून, ठरावीक अंतर धावण्यासाठी आसाने किती आवर्तने सोसली पाहिजेत, असा विचार करता येऊ लागला.

फिरत्या आसाच्या बाबतीत ही गणना विशेष महत्त्वाची असते. डब्याचे वजन आसाच्या दोन्ही टोकांवर येते आणि चाके त्याला आतून आधार देतात, म्हणून आस किंचित वाकलेला राहतो. आस फिरत असल्याने त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणाच्या बाजूला येतो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर दाबाच्या बाजूला जातो. म्हणजे चाकाचा प्रत्येक फेरा हे प्रतिबलाचे एक पूर्ण आवर्तन असते.

चाचणी यंत्रे

हीच अवस्था कार्यशाळेत निर्माण करण्यासाठी व्होलर यांनी फिरत्या दांड्याचे यंत्र बांधले. मधला दंड बेअरिंगांवर फिरे. त्याच्या दोन्ही टोकांना नमुने बसवलेले असत आणि प्रत्येक नमुन्याच्या मोकळ्या टोकाला स्प्रिंगच्या साहाय्याने ठरावीक भार दिला जाई. नमुना तुटेपर्यंत फेऱ्यांची मोजदाद चाले. याखेरीज एकाच दिशेने वाकवणे, पिळणे आणि ताणणे यांसाठी त्यांनी स्वतंत्र यंत्रे तयार केली. घडीव लोखंड, क्रुप कारखान्याचे ओतीव पोलाद, स्प्रिंगांचे पोलाद अशा निरनिराळ्या धातूंवर चाचण्या झाल्या. तत्कालीन यंत्रांचा वेग कमी होता. काही नमुन्यांनी लाखो आवर्तने सोसली, तर काही कोट्यवधी आवर्तनांनंतरही तुटले नाहीत. एकेका नमुन्याची चाचणी त्यामुळे दीर्घकाळ चालू राही.

१८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात या प्रयोगांतील नमुने मांडण्यात आले आणि ‘एंजिनिअरिंग’ या ब्रिटिश नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. प्रयोगांचा समारोप करणारा अहवाल १८७० मध्ये प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष

व्होलर यांच्या निष्कर्षांचा सारांश पुढीलप्रमाणे सांगता येतो.

१. एका वेळच्या भाराने धातू ज्या प्रतिबलाला तुटतो, त्याहून बऱ्याच कमी प्रतिबलाखालीही तो पुरेशा आवर्तनांनंतर तुटू शकतो.

२. या तुटण्यात निर्णायक घटक म्हणजे प्रतिबलाचा पल्ला, अर्थात सर्वाधिक आणि किमान प्रतिबलातील फरक.

३. सर्वाधिक प्रतिबल जितके जास्त, तितका धातूला सोसवणारा पल्ला कमी होतो.

४. एका मर्यादेखाली प्रतिबल ठेवल्यास लोखंड व पोलाद प्रयोगांच्या अवधीत तुटत नाही. या मर्यादेला पुढे सहनमर्यादा म्हटले गेले.

५. जाडी एकदम बदलणाऱ्या तीक्ष्ण कोपऱ्यामुळे आस बराच दुर्बल होतो. कोपऱ्याला गोलाई दिल्यास त्याचे आयुष्य वाढते.

तिसरा निष्कर्ष आकड्यांवरून स्पष्ट होतो. व्होलर प्रतिबल प्रशियन मापात, म्हणजे प्रति चौरस झोल सेंटनरमध्ये मांडत. घडीव लोखंड १६० च्या ताणापासून १६० च्या दाबापर्यंतचे उलटसुलट प्रतिबल सोसू शके; हा पल्ला ३२० होतो. शून्यापासून ३०० पर्यंतच्या ताणात सुरक्षित पल्ला ३०० राही. किमान ताण २४० असल्यास कमाल ४४० पर्यंतच जाता येई, म्हणजे पल्ला केवळ २००. आजच्या मापात १६० सेंटनर म्हणजे सुमारे ११५ मेगापास्कल. धातू आधीच ताणलेला असेल, तर त्यावर खेळवता येणारा बदलता भार घटतो, हा याचा अर्थ.

व्होलर यांनी आपली माहिती कोष्टकांत दिली. ती आलेखाच्या रूपात मांडण्याचे काम त्यांचे काम पुढे चालवणारे श्पांगेनबेर्ग यांनी केले. १९१० मध्ये अमेरिकेतील बास्किन यांनी लॉगरिथमी मापनावर या माहितीची सरळ रेषा मिळवली.

उत्तरायुष्य

१८६९ मध्ये व्होलर यांनी प्रशियन रेल्वेची नोकरी सोडली आणि बर्लिनमधील रेल्वेसामग्री बनवणाऱ्या कंपनीचे संचालकपद स्वीकारले. फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर आल्सेस-लोरेन प्रदेश जर्मन साम्राज्यात आला. तेथील रेल्वेच्या व्यवस्थापन मंडळावर १८७४ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि ते स्ट्रासबुर्ग येथे राहू लागले. या काळात त्यांनी लोखंड व पोलाद यांचे गुणधर्मांनुसार सरकारमान्य वर्गीकरण व्हावे आणि त्यासाठी सार्वजनिक चाचणी संस्था असाव्यात, यासाठी प्रयत्न केले. कारखानदाराने दिलेल्या नावापेक्षा मोजलेल्या गुणधर्मावर खरेदी व्हावी, ही त्यामागील भूमिका होती. १८८९ मध्ये ते निवृत्त झाले. वयाच्या ९४ व्या वर्षी हॅनोव्हर येथे त्यांचे निधन झाले.

अवशिष्ट प्रतिबल आणि व्होलर यांचे निष्कर्ष

व्होलर यांच्या प्रयोगांत बाहेरून दिलेला भार मोजला जात होता. धातूच्या अंगात आधीपासून अडकून राहिलेल्या प्रतिबलाचा स्वतंत्र विचार नंतरच्या पिढ्यांनी केला. कोणताही बाह्य भार नसताना वस्तूत शिल्लक राहणाऱ्या अशा प्रतिबलाला अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. वेल्डिंग, असमान थंड होणे आणि थंड अवस्थेत वाकवणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

पत्रा न तापवता वाकवला, की बाहेरील बाजू ताणली जाते आणि आतील बाजू दाबली जाते. या दोन्ही बाजू कायमच्या विरूप होतात. मधला थर मात्र बराचसा लवचिकच राहतो. दाब काढताच पत्रा थोडा मागे उलगडतो. या उलगडण्यामुळे वाकवण्याच्या दिशेत बाहेरील पृष्ठभागावर दाबाचे आणि आतील पृष्ठभागावर ताणाचे प्रतिबल अडकून राहते. एका जागी ताण उरला, तर त्याचा तोल सांभाळण्यासाठी दुसऱ्या जागी दाब असतोच. वाकवलेल्या कोपऱ्याची आतली बाजू त्यामुळे तड्याच्या दृष्टीने जोखमीची ठरते. त्याच वेळी थंड विरूपणाने कोपऱ्यातील पोलाद कठीण होते आणि त्याची ताणून मोठी होण्याची क्षमता घटते. जर्मन अभियंता योहान बाउशिंगर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवले, की एका दिशेने कायमचा ताणलेला धातू उलट दिशेने लवकर नमतो. त्यामुळे थंड घडणीचा परिणाम केवळ वाढलेल्या कठीणपणावरून मोजता येत नाही.

व्होलर यांचा तिसरा निष्कर्ष येथे थेट लागू पडतो. अवशिष्ट प्रतिबल स्थिर असल्याने बदलत्या भाराचा पल्ला त्याने वाढत नाही. तो पल्ला फक्त वर किंवा खाली सरकतो. अवशिष्ट ताण असेल, तर घडीव लोखंडाच्या वरील उदाहरणाप्रमाणे सुरक्षित पल्ला आक्रसतो. अवशिष्ट दाब असेल, तर तो वाढतो.

तड्याच्या वाढीचे गणित विसाव्या शतकात तयार झाले. ॲलन ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये तड्याच्या ऊर्जेचा सिद्धान्त मांडला. जॉर्ज अर्विन यांनी १९५७ मध्ये तड्याच्या टोकाशी असलेली प्रतिबलाची तीव्रता एका राशीने व्यक्त केली. १९६० च्या दशकाच्या आरंभी पॉल पॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की एका आवर्तनात तडा किती पुढे सरकतो, हे या तीव्रतेच्या पल्ल्याच्या घातावर अवलंबून असते. अवशिष्ट प्रतिबल कमाल व किमान तीव्रतेत सारखीच भर घालते, म्हणून गणिती पल्ला तोच राहतो. तरीही तड्याचा वेग बदलतो. याचा उलगडा १९७० च्या सुमारास वोल्फ एल्बर यांच्या निरीक्षणाने झाला : भार कमी होत असताना तड्याच्या दोन्ही भिंती लवकर एकमेकींना टेकतात आणि तडा मिटलेला असेपर्यंत त्याचे टोक सुरक्षित राहते. अवशिष्ट ताण तड्याला उघडा ठेवतो आणि आवर्तनाचा अधिक भाग घातक बनवतो. अवशिष्ट दाब तडा मिटवून ठेवतो आणि वाढ मंदावते. तडा वाढत जातो तसे अवशिष्ट प्रतिबलाचे वाटपही बदलते. म्हणून तड्याच्या आरंभी मोजलेला आकडा शेवटपर्यंत वापरता येत नाही.

या गुणाचा उपयोग मुद्दामही केला जातो. आसाच्या गोलाईवरून कठीण रोलर दाबून फिरवणे किंवा पृष्ठभागावर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करणे यांमुळे वरच्या थरात अवशिष्ट दाब निर्माण होतो. जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे ओटो फोपल यांनी स्थापन केलेल्या संस्थेत या पद्धतींवर महत्त्वाचे संशोधन झाले. त्या संस्थेला व्होलर यांचेच नाव देण्यात आले होते.

महाराष्ट्रातील संदर्भ

व्होलर आसांवरील मोजमापाची तयारी करत होते, त्याच काळात कल्याणच्या पुढची रेल्वे बांधली जात होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये बदलापूर, नेरळ मार्गे खोपोलीपर्यंतचा मार्ग खुला झाला. या कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचा जन्मही १८१९ चाच.

आज उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या स्थानकांतील लोकलच्या गर्दीवरून आसाच्या थकव्याचे प्रमाण समजून घेता येते. लोकलच्या नव्या चाकाचा व्यास सुमारे ९५० मिलिमीटर, म्हणजे परीघ जवळजवळ तीन मीटर असतो. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. एका जाण्या-येण्यात प्रत्येक आस सुमारे ४५ हजार आवर्तने सोसतो. अशा सव्वादोनशेच्या आसपास फेऱ्यांत एक कोटी आवर्तने पूर्ण होतात. व्होलर यांच्या यंत्रांवर दीर्घकाळ घेणारी चाचणी येथे काही महिन्यांच्या नित्य वाहतुकीत पार पडते. भारतीय रेल्वेत आसांची श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणी केली जाते. डोळ्यांना न दिसणारा तडा वेळीच सापडावा, हा तिचा हेतू असतो.

थंड अवस्थेत घडवलेले पोलाद या परिसरात सर्वत्र दिसते. दुकानांची लोखंडी शटरे, औद्योगिक वसाहतींतील शेडच्या छतांखालचे पातळ ‘सी’ आणि ‘झेड’ आकाराचे दांडे, गोदामांतील मांडण्या ही त्याची उदाहरणे होत. अशा हलक्या पोलादी रचनांसाठी भारतीय मानक आयएस ८०१ वापरात आहे. स्थिर छताच्या दांड्यावर थकव्याचा प्रश्न सहसा गंभीर नसतो. परंतु यारी, कंपन करणारी यंत्रे किंवा वाहने यांचा भार ज्या भागावर येतो, तेथे वाकवलेला कोपरा, पाडलेले भोक आणि वेल्ड यांच्या जागा काळजीपूर्वक निवडाव्या लागतात. वेल्ड नेमका कोपऱ्यावर आल्यास दोन्ही कारणांचे अवशिष्ट ताण एकत्र येतात.

अवशिष्ट प्रतिबल किती घातक ठरू शकते, याचे एक जुने उदाहरण ब्रिटिशकालीन भारतातलेच आहे. थंड अवस्थेत ओढून बनवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात न वापरता ठेवली असतानाच तडकत. घोड्यांच्या पागांजवळील हवेतील अमोनिया आणि पितळात अडकलेला ताण ही त्याची कारणे होती. घडणीनंतर काडतुसे सौम्य तापवून तो ताण उतरवल्यावर प्रश्न सुटला. बदलता भार नसतानाही अवशिष्ट ताण तडा पुढे ढकलू शकतो, हे त्यातून दिसून आले.

मर्यादा व वारसा

व्होलर यांच्या सहनमर्यादेच्या कल्पनेला नंतर मुरड घालावी लागली. ॲल्युमिनियमसारख्या धातूंना तशी स्पष्ट मर्यादा नसते. ओलावा, खारी हवा किंवा रासायनिक वाफा यांच्या संपर्कात पोलादाचीही मर्यादा टिकत नाही. मुसळधार पाऊस आणि रासायनिक कारखाने असलेल्या प्रदेशात ही बाब दुर्लक्षून चालत नाही. त्यांचे नमुने तुटेपर्यंत चालवले जात. चीर केव्हा सुरू झाली आणि किती वेगाने वाढली, हे त्यांत वेगळे दिसत नसे. ते वेगळे पाहण्याची साधने पुढे आली.

तरीही, यंत्राचा भाग एका मोठ्या भाराला पुरेसा आहे एवढे पाहून भागत नाही. तो किती वेळा वापरला जाणार आहे हेही विचारावे लागते, हा विचार व्होलर यांच्या प्रयोगांमुळे अभियांत्रिकीत रुजला. आसाच्या खांद्याला दिली जाणारी गोलाई आणि ठरावीक अंतर धावल्यानंतर होणारी तपासणी या दोन्ही रिवाजांमागे त्यांच्या प्रयोगांतील तुटलेल्या दांड्यांचा पुरावा आहे.